बेहडाटोल्याचे खरे अंतर

सायकलच्या पुढच्या चाकाला मैल मोजणारे यंत्र बसवून घेतले आणि तिरोड्यातले माझे स्नेही एकेक करून कमी होऊ लागले. यंत्र दिसायला निरुपद्रवी होते. सुपारीपेक्षा थोडी मोठी पितळी डबी, तिला चांदणीच्या आकाराचे चक्र. चाकाच्या एका तारेला बसवलेली खुंटी प्रत्येक फेऱ्याला त्या चांदणीला टोला देई. माझ्या चाकाचे सातशे वीस फेरे झाले की एक मैल. यात मताला वाव नव्हता, आणि नेमके हेच लोकांना रुचले नाही.

आमचे शेजारी यादोराव हे निवृत्त पटवारी. त्यांच्या घरापासून रेल्वे स्टेशन ‘पक्का एक मैल’ आहे, असे ते गेली तीस वर्षे सांगत आले होते आणि रोज सकाळी तेथवर जाऊन येत होते. मी मोजले. शून्य पूर्णांक सात दशांश भरले. ही माहिती मी त्यांना कोणताही शेरा न मारता दिली. ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “चैतराम मास्तर, तुम्ही आमच्या आयुष्यातून रोजचे सहा दशांश मैल काढून घेतले.” मी त्यांना समजावले की अंतर पूर्वीही तेवढेच होते, फक्त आता ते माहीत झाले आहे. ते म्हणाले, “तेच तर.”

मी शाळेत शास्त्र शिकवतो. नागपूरला सायन्स कॉलेजात असताना जी एक सवय लागली ती अद्याप सुटलेली नाही: कोणी काही सांगितले की ‘कशावरून?’ असे विचारणे. या प्रश्नाने विज्ञानाची मोठी प्रगती झाली आहे. संसाराची होते की नाही, याविषयी पुरावा अपुरा आहे. माझी पत्नी सुलोचना भातात मीठ पुरेसे आहे म्हणते तेव्हा मी हा प्रश्न विचारत नाही. विज्ञानालाही मर्यादा असतात.

तर १९५८ सालच्या जानेवारीत मी एक साधा संकल्प केला. तिरोड्याहून जंगलखात्याच्या मुरमाच्या सडकेने, नाल्याच्या खोऱ्यातून, चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत सायकलने जायचे आणि त्या मार्गाचा एक नकाशा तयार करायचा. कोठे चढ, कोठे वाळू, कोठे पिण्याचे पाणी, आणि प्रत्येक टप्प्याचे अंतर दशांशापर्यंत. शाळेतल्या इतर शिक्षकांना रविवारी उपयोग होईल, असा माझा हेतू होता. इतर शिक्षक रविवारी झोपतात, ही गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती.

या प्रदेशात अंतर बिड्यांत मोजतात. गाव किती दूर, असे विचारले की ‘दोन बिड्या’ किंवा ‘तीन बिड्या अन् वरते थोडंसं’ असे उत्तर मिळते. म्हणजे चालता चालता तेवढ्या बिड्या ओढून होतात. हे परिमाण मैलांत बदलून घ्यावे म्हणून मी अंगणात एक बिडी पेटवून पाटावर ठेवली आणि घड्याळ लावून बसलो. ती दीड मिनिटात विझली. दुसरीही विझली. बिडी ओढली नाही तर विझते, असा निष्कर्ष मी वहीत नोंदवला. कुंपणावरून पाहणारे यादोराव म्हणाले, “हे आम्हाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.”

संकल्पाची बातमी पसरली तसे सल्ले येऊ लागले. एकाने सांगितले, घंटी वाजवत जा, म्हणजे अस्वले बाजूला होतात. दुसऱ्याने सांगितले, घंटी मुळीच वाजवू नका, अस्वले बघायला येतात. यादोरावांनी तर जुना आरसाच आणून दिला. “वाघ नेहमी पाठीमागून येतो. हँडलला बांधा.”

“आरशात वाघ दिसल्यावर मी काय करायचे?” मी विचारले.

“ते तुमचं तुम्ही ठरवा. शास्त्र तुम्ही शिकलात.”

सुलोचना तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आरशावर फुटांच्या खुणा करून ठेवा. म्हणजे वाघ आला तरी आकडा चुकणार नाही.”

आरसा मी नेला नाही. परवाना मात्र काढावा लागला, कारण जंगलाच्या सडकेवर परवान्याशिवाय चाक फिरवता येत नाही. कचेरीत मुन्नालाल नावाचे कारकून होते. मूळचे गोंदियाचे; मराठी समजत, पण उत्तर हिंदीतच देत. त्यांनी छापील नमुना पुढे ओढला आणि लेखणी दौतीत बुडवून विचारले, “किसलिए जाना है, मास्टरसाब?”

“फिरायला.”

“फिरने का खाना नहीं है.” त्यांनी रकाने बोटाने दाखवले. लाकूड, बांबू, तेंदूपाने, चराई, शिकार, मोजणी. “इनमें से बोलिए.”

“यातले काहीच नाही. मी सायकलवर जाणार, तलाव पाहणार आणि परत येणार.”

“शिकार लिख दूँ? सब साहब लोग वही लिखवाते हैं. मारना ज़रूरी नहीं.”

“माझ्याजवळ बंदूक नाही.”

“तो क्या है आपके पास?”

मी प्रामाणिकपणे सांगितले की मैल मोजणारे यंत्र आहे. मुन्नालालांचा चेहरा उजळला. “तो पहले बोलना था.” आणि त्यांनी ‘मोजणी’ या रकान्यात माझे नाव सुवाच्य अक्षरात लिहून वर गोल शिक्का मारला. ही खोटी नोंद आहे, असे मी म्हणालो. त्यांनी विचारले, आप नापेंगे कि नहीं नापेंगे? मी म्हणालो, नापणार आहे. “फिर झूठ कहाँ है?” विज्ञान शिकलेल्या माणसाला तर्काने हरवणारा माणूस कचेरीत बसलेला असावा, याचे मला वाईट वाटले.

मोजणीच्या परवान्याची एक प्रत नियमाप्रमाणे जंगलाच्या शिपायामार्फत वाटेवरच्या गावांना जाते आणि त्यात ‘सदर इसमास सर्व प्रकारे सहकार्य करावे’ असे वाक्य असते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. मीही विचारली नाही. ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने ‘पुढे काय?’ हाही विचारायला हवा, हे तेव्हापासून मी वर्गात सांगत असतो.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता निघालो. यंत्रावर २१२.३ हा आकडा होता. तो वहीत टिपला. धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, संपल्या आणि सडक जंगलात शिरली. साग अजून पानांत होता, मोहाची पाने गळत होती आणि दवाने ओल्या मुरमावरून चाके असा काही आवाज करत होती की जणू कोणी दूरवर पोहे भाजत आहे. उजवीकडे खाली नाला, पलीकडे टेकडीचा उतार. मला हे दृश्य आवडले, असे येथे नमूद करतो. त्याचे मोजमाप घेतलेले नाही.

साडेतीन मैलांवर एका मोठ्या मोहाखाली वाट फुटत होती. डावीकडे मुरमाची सडक चढावर जात होती, उजवीकडे पायवाट नाल्याकडे उतरत होती. मोहाखाली दोघे जण उकिडवे बसले होते. मला पाहताच ते उठले. माझी वाटच पाहत होते, असे वाटले. पण असे वाटणे हा पुरावा नव्हे म्हणून मी सोडून दिले.

“इकडून जा जी,” एकाने डावीकडे हात केला. “मुरमाची सडक हाये. सायकल पान्यावानी जाते.”

“आणि ही उजवीकडची वाट?”

“थे काही साजरी नाही.”

“डावीकडून बेहडाटोला किती दूर?”

“सात बिड्या.”

“माह्या तं आठ होतात,” दुसरा म्हणाला.

“तू भसाभस ओढतं,” पहिला म्हणाला, “मंग होनारच.”

मी डावीकडे वळलो. सडक आधी चढली, मग टेकडीच्या कुशीतून वळली, मग पुन्हा वळली, आणि जेथून निघालो ते मोहाचे झाड मला एकूण तीनदा दिसले. प्रत्येक वेळी थोडे लहान. वाटेत एक काटा घुसला. मागच्या चाकाचे पंक्चर मी स्वतः काढले, त्यास चाळीस मिनिटे लागली. चार गाडीवान थांबून पाहत होते. त्यांपैकी एकाने ‘कोन्या गावचे होय?’ एवढेच विचारले. बाकीचे तीन केवळ सहानुभूतीसाठी थांबले होते.

बेहडाटोल्याच्या वेशीवर डफ वाजत होता. गावात लग्न असावे म्हणून मी सायकलवरून उतरून बाजूने निघालो, तेव्हा झेंडूची माळ माझ्याच गळ्यात पडली. माळ घालणारे गृहस्थ म्हणजे गावचे पटेल टिकाराम. पन्नाशीचे, उंच, पांढरे स्वच्छ धोतर.

“तीन दिवसापासून तुमची वाट पाहून राहिलो, सायेब.”

“मी साहेब नाही. मी सरकारी माणूस नाही.”

“हो जी.”

“तिरोड्याच्या शाळेत मास्तर आहे. मुलांना शास्त्र शिकवतो.”

“हो जी,” टिकाराम पटेल आदराने म्हणाले. “कागदावर मोजनी लिवलं हाये. शिक्का हाये.”

माणसाचे म्हणणे आणि शिक्का यांत विसंगती आढळली तर शिक्का खरा, हा नियम त्यांनी बनवलेला नव्हता. तेही तो कोठून तरी सोसूनच शिकले होते. मी आधी यंत्र पाहिले. २२१.७. म्हणजे नऊ पूर्णांक चार दशांश मैल. वहीत टिपले. भोवती जमलेल्या चाळीस-पन्नास जणांनी तो आकडा मला मोठ्याने वाचायला लावला, आणि ‘नऊ’ हा शब्द ऐकून गर्दीतून जो सुस्कारा निघाला तो माझ्या कोणत्याही वर्गातून कोणत्याही आकड्यावर आजवर निघालेला नाही.

कारण लवकरच कळले. गाव चार वर्षांपासून दवाखान्यासाठी अर्ज करत होते. नियम असा की जवळचा दवाखाना सात मैलांपेक्षा दूर असेल तरच नवा मिळतो. जवळचा दवाखाना तिरोड्याला, आणि मला परवाना देणाऱ्या त्याच कचेरीच्या जुन्या कागदात बेहडाटोल्याचे अंतर सहा मैल. कोणी कधी मोजले, कोणाला माहीत नाही. चार वर्षांत तीन उत्तरे आली होती. तिन्ही पटेलांनी पेटीतून काढून दाखवली. तिन्हींत एकच वाक्य होते: ‘अंतर सहा मैल, सबब नामंजूर.’

मला बसवले त्या खाटेच्या कडेला एक म्हातारी बसली होती. तिचे नाव रुख्मा. गावातली सगळी बाळंतपणे ती करी. तिने पटेलांच्या सुनेकडे बोट केले. “मागच्या श्रावनात या शामकलेले खाटेवर टाकून नेलं. लेकरू आडवं होतं, माह्या हातचं नव्हतं. चार जन धरून होते, वरतून पानी. दवाखाना राह्यला दूर, सडकेवरच झालं. म्या छत्रीखाली केलं. दोघंबी जगले, थे देवाचं. पुढच्या टायमाले देव सडकेवर राहील काय?”

“त्या पोराचं नावच सडकू ठेवलं,” पटेल म्हणाले.

शामकला पदराआड हसून म्हणाली, “बरं झालं. कोठं जलमला म्हून कोनी इचारत नाही आता.”

सगळे हसले. मीही हसलो, पण रुख्मा हसत नव्हती. ती माझ्या वहीकडे पाहत होती. मी पुन्हा सांगू लागलो की माझ्या मोजणीला सरकारदरबारी काहीही किंमत नाही. तोवर पानावर भात, लाखोळीचे वडे आणि वांग्याची भाजी आली. रिकाम्या पोटी सत्य सांगणे सोपे असते. वाढलेल्या पानासमोर ते शिष्टाचाराला धरून होत नाही.

जेवण चाळीस मिनिटे चालले. हात धुऊन मी सायकलीकडे गेलो आणि सवयीने यंत्रावर नजर टाकली. २१७.४.

प्रथम मी चष्मा पुसला. मग वही पाहिली. मग स्वतःच्या बुद्धीविषयी शंका घेतली, कारण क्रम तोच योग्य. जेवायला बसताना २२१.७ असलेले यंत्र, सायकल उभी असताना, चार पूर्णांक तीन दशांश मैल मागे गेले होते. निसर्गात असे होत नाही. मी आजूबाजूला पाहिले. गोठ्याच्या भिंतीला टेकून एक धिप्पाड माणूस घाम पुसत होता. हा सुकराम, गावचा सुतार. बैलगाड्यांची चाके करी. सायकलीचे सीट मातीने भरले होते, हँडलही. म्हणजे सायकल उलटी ठेवली गेली होती.

“तुम्ही चाक फिरवले?” मी विचारले.

सुकरामने पटेलांकडे पाहिले, पटेलांनी आभाळाकडे. “हो जी,” सुकराम म्हणाला. “जराकसा वाढला आकडा तं वाढला, म्हनलं.”

“तो कमी झाला.”

पटेलांनी अत्यंत थंड आवाजात विचारले, “सुकराम, तू उलटा फिरवला?”

“नाही जी. बंडीचं चाक जसं पुढं जाते तसाच फिरवला. सीधा.”

येथे मी हस्तक्षेप केला, कारण सुकराम खरे बोलत होता. सायकल उलटी केली की पुढे जाण्याच्या दिशेने तिचे चाक वरून मागे फिरते; बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, सवयीने ते वरून पुढे फिरवले तर यंत्राच्या दृष्टीने सायकल मागे चालली. मी हे जमिनीवर काडीने आकृती काढून सांगितले. सर्वांनी आकृती पाहिली आणि सर्वांनी सुकरामकडे पाहिले. चाळीस मिनिटांत सुमारे तीन हजार एकशे फेरे, तेही हाताने. मनगट असामान्य होते, पण बेहडाटोल्याला त्याने दवाखान्याच्या चार मैल अधिक जवळ नेऊन ठेवले होते.

माझा स्वाभिमान मात्र दुखावला होता, आणि स्वाभिमान दुखावलेला माणूस तर्कात फार वेगाने पुढे जातो. यंत्राशी लबाडी झाली. मग मोहाच्या झाडापाशी बसलेले ते दोघे? सरळ वाट सोडून मला टेकडीला वळसा घालायला लावले, तीही लबाडीच. मी स्पष्ट सांगितले: “मी परत जाताना त्या दुसऱ्या वाटेने जाणार. माझ्या वहीत जो आकडा खरा असेल तोच लिहिला जाईल.”

पटेल खाली मान घालून म्हणाले, “बरं जी.” रुख्मा मात्र काठी घेऊन उठली. “चाल, म्या दाखोतो. तुले एकट्याले वाट गवसनार नाही.” मघापर्यंत मी ‘सायेब’ होतो, आता एकेरीवर आलो होतो. पण तिच्या वयापुढे तक्रार चालण्यासारखी नव्हती.

वाट धुऱ्यांवरून होती. धुरा म्हणजे बांध्यांमधली मातीची कड. तिच्यावर एक माणूस चालू शकतो, किंवा एक सायकल, दोघे एका वेळी नाही. मी सायकल ढकलत होतो, टिकाराम पटेल मागून तिचे सीट धरून होते, आणि पुढे रुख्मा अशी चालत होती की जणू बाजाराला निघाली आहे. अर्ध्या मैलावर नाला आला. तळाशी घोट्याएवढे पाणी. सायकल मी खांद्यावर घेतली. मधोमध लक्षात आले की आता चाक फिरत नाही, म्हणजे हे अंतर मोजलेच जात नाही. म्हणून परत मागे फिरलो, सायकल खाली ठेवली आणि पाण्यातून चालवत नेली. पटेलांनी ‘कायले?’ असे विचारले नाही. त्यांच्या मते मी आता उत्तरे देण्याच्या पलीकडे गेलो होतो.

पलीकडच्या काठावर अर्जुनाचे एक झाड होते. रुख्मा त्याच्याखाली थांबली आणि काठीने वर दाखवले.

“थे पाय.”

माझ्या डोक्याच्या किमान पाच फूट वर, फांद्यांच्या बेचक्यात, वाळलेले गवत, काटक्या आणि फाटक्या जाळ्याचा तुकडा अडकून बसला होता. बुंध्यावर त्याच उंचीला चिखलाची एक रेष होती. ती एकाच झाडावर नव्हती. काठावरच्या सगळ्या झाडांवर, एका सपाटीत, कोणी दोरी धरून आखावी तशी.

“हे पाणी कोठून येते?” मी विचारले.

“चोरखमाऱ्याचा तलाव भरला का पानी मागं सरते,” पटेल म्हणाले. “नाल्यात चढते. आषाढापासून कार्तिकापर्यंत इथं नाव लागते, अन् नाव आमच्यापाशी नाही. मंग आमी मुरमाच्या सडकेनं जातो. तुमी सकारी आले तिकडून.”

“मोहाखालचे दोघे...”

“तुमी नवे. इकडच्या वाटेनं आले असते तं धुऱ्यावरून सायकल घेऊन पडले असते. म्हून बसवले.” मग ते म्हणाले, “सुकरामचं मात्र खरं हाये. थे लबाडीच होती. आमाले वाटलं, नऊ पुरनार नाही. सरकारले काही पुरत नाही.”

मी उभा राहून ती रेष पाहिली. मला वही, यंत्र आणि दशांश यांची सवय. पण हा आकडा झाडांनी स्वतः लिहून ठेवला होता आणि त्यात कोणी चाक उलटे फिरवलेले नव्हते. मी पटेलांना म्हणालो, “माझे अनुमान पुराव्यापेक्षा पुढे गेले होते.” ही शास्त्रज्ञाची क्षमायाचना असते. पटेलांनी ती ओळखली नाही. रुख्माने ओळखली असावी, कारण तिने माझ्या सायकलीच्या सीटवरची माती पदराने झटकली आणि म्हणाली, “जा बाबू, ऊन होते.”

तिरोड्याला पोचलो तेव्हा त्या वाटेचे अंतर सहा पूर्णांक दोन दशांश भरले. जुना कागद दोन दशांशांनी चुकला होता. चोरखमाऱ्याचा तलाव मी पाहिलाच नव्हता. सुलोचनेने माळ, चिखल आणि माझा चेहरा या क्रमाने पाहिले आणि पाणी तापवायला ठेवले.

हे येथे संपले असते, पण मोजणीच्या परवान्यावर पंधरा दिवसांत अहवाल न दिल्यास कारवाई होते, असे परवान्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेले होते. मी अहवाल लिहिला. कार्तिक ते आषाढ ६.२, आषाढ ते कार्तिक ९.४. शिवाय झाडांवरच्या रेषेची उंची, आकृतीसह. मुन्नालालांनी तो उलटसुलट पाहिला.

“दो-दो आँकड़े? खाना तो एक है, मास्टरसाब.”

“अंतर दोन आहेत.”

“अंतर दो होंगे. खाना एक है.”

मी विचार केला. ज्या माणसाने यादोरावांना तीन दशांश सोडले नाहीत, त्याने नऊपैकी तीन मैल सोडावेत, की सहावर तीन चढवावेत? मधला आकडा काढणे सोपे होते. सरासरी सात पूर्णांक आठ दशांश येते आणि नियमात बसते. पण सरासरीच्या वाटेने आजवर कोणतीही बाळंतीण गेलेली नाही. मी विचारले, “गावाचा अर्ज कोणत्या तारखेचा?”

मुन्नालालांनी तो दुसऱ्या विभागातून मागवून घेतला. त्यासाठी त्यांना उठावे लागले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. शेवटचा अर्ज नऊ ऑगस्टचा होता.

“मग अर्जाच्या दिवशीचे अंतर लिहा,” मी म्हणालो. “नऊ ऑगस्टला दुसरी वाट अस्तित्वातच नव्हती. ती पाण्याखाली होती.”

मुन्नालालांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाकडे पाहावे तसे ते पाहणे होते, आणि मला ते आवडले, याची मला थोडी लाज वाटली. त्यांनी ९.४ लिहिले. खाली मी माझ्या हाताने एक ओळ जोडली: ‘पडताळणी करणे झाल्यास ती जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी.’

यादोराव म्हणाले, कोणी येणार नाही. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत पावसाळ्यात कोणी आलेले नव्हते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारले की मी शाळेचा शिक्षक आहे की कोणत्या खात्याचा. सुलोचना एवढेच म्हणाली, “आता थांबा. जे मोजायचं होतं ते मोजलंत.”

पडताळणीला साहेब आले. बावीस जुलैला, जीपमधून, आणि मोजणी करणारा म्हणून मला सोबत बसवून. ते नवे होते, उत्साही होते, आणि त्यांच्याजवळ नकाशा होता. नकाशात सरळ वाट होती, ठिपक्यांची. मुरमाच्या सडकेने जावे, असे मी दोनदा सुचवले. ते म्हणाले, “मास्तर, वळसा घालून अंतर वाढवायचं आणि मग अंतर जास्त म्हणायचं, हे आम्हाला कळतं.” सहा महिन्यांपूर्वी, याच वाटेविषयी, मी नेमके हेच म्हणालो होतो.

अर्जुनाचे झाड अजून थोडे पुढे असतानाच जीपची पुढची चाके चिखलात रुतली आणि थांबली. समोर नाला नव्हता. जेथे नाला होता तेथे तलाव आला होता, साठ-सत्तर हात रुंद, तांबूस, जवळजवळ स्थिर. अर्जुनाचे झाड त्यात अर्धे बुडाले होते आणि झाडावरच्या रेषेला पोचायला पाण्याला अजून हातभर बाकी होते. पलीकडच्या काठावर बेहडाटोला उभा होता: टिकाराम पटेल, सुकराम, कडेवर सडकूला घेतलेली शामकला, आणि पुढे काठी टेकून रुख्मा. कोणी हात हलवला नाही, कोणी अर्ज दाखवला नाही. ते फक्त पाहत होते.

साहेब खाली उतरले, घोट्यापर्यंत रुतले आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ त्यांनी नकाशा पाहिला, मग पाणी, मग पुन्हा नकाशा. शेवटी हात तोंडाभोवती धरून त्यांनी पलीकडे विचारले, “हे पाणी कधी उतरेल?”

पाण्यावरून रुख्माचे उत्तर सावकाश आले.

“कार्तिकात उतरते जी.”

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर पडताळणीचा कागद पसरला आणि माझ्याकडे पेन मागितले.